पुस्तकाच्या ऑनलाइन मार्केटिंगची कार्यशाळा: फी भरण्याआधी हा हिशेब करा

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावहून पुण्यातल्या अशा कार्यशाळेला जायचं, तर फी, प्रवास, मुक्काम असा तिहेरी खर्च. तो वसूल होईल का?

आयएसबीएन: भारतात सरकारकडून मोफत मिळतो. पॅकेजमध्ये त्याचे पैसे लावलेत का, पाहा.

टपाल: १ मे २०२५ला ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली. साहित्यिक पुस्तकांना ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा.

हिशेब: छपाई, कमिशन, पॅकिंग, टपाल वजा जाता प्रतीमागे समजा ४० रुपये उरले. एकूण खर्च ४,००० असेल, तर जादा १०० प्रती विकल्यावरच तो निघेल.

म्हणून आयोजकांना आधीच विचारा: या पद्धतीनं मराठी पुस्तकाच्या किती प्रती विकल्या गेल्या?