ओढली तर टिकते, दाबली तर वाकते

नागपूरच्या कामठी मार्गावर गड्डीगोदामला मान वर करून पाहिले, की वाहतुकीचे चार थर दिसतात: खाली रस्ता, त्यावर रेल्वे, तिच्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो. वरचे दोन थर रुळांवरून पेलणारा पोलादी सांगाडा सुमारे १,६५० टनांचा आहे आणि तो त्रिकोणांनी बनलेला आहे. चार काठ्यांचा चौकोन खिळ्यांनी जोडून कोपऱ्यावर दाबा, तो तिरपा होतो. त्रिकोण मात्र एखादी काठी लांब-आखूड झाल्याशिवाय ढळत नाही. कैचीच्या पुलाचे मर्म एवढेच.

माझ्या ओळखीच्या काही अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी असाच छोटा पूल केला. लांबी एक मीटर, उंची वीस सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना एकेक कैची. प्रत्येकीत सांधे ९, पट्ट्या १५. हिशेब बरोबर होता: सांध्यांच्या दुपटीतून तीन वजा केले, की पुरेशा पट्ट्यांची संख्या मिळते. पट्टी दहा मिलिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड. मध्यभागी चाळीस किलो ठेवायचे होते. संगणकाने वरच्या मधल्या पट्टीवर पंचवीस किलोचा दाब दाखवला. पट्टी ओढून तुटायला अडीचशे किलो लागतात, म्हणून सारे निश्चिंत.

वाळू ओतायला सुरुवात झाली. पाचवा किलो पुरा होण्याआधीच ती पट्टी बाजूला वाकली.

पोलाद कमकुवत नव्हते. ओढलेली पट्टी सरळ होते, दाबलेली पट्टी बाजूला निसटायची वाट शोधते. अठराव्या शतकात ऑयलरने याचे सूत्र दिले. त्यानुसार पंचवीस सेंटिमीटर लांबीची ही पट्टी पावणेतीन किलोलाच वाकते. मुलांनी संगणकाला फक्त बळ विचारले होते, वाकण्याचे विचारलेच नव्हते. त्याने विचारले तेवढ्याचे उत्तर दिले.

हीच चूक मोठ्या प्रमाणावर कॅनडात घडली. २९ ऑगस्ट १९०७ रोजी क्वेबेकचा पूल बांधकाम चालू असतानाच कोसळला आणि ७५ कामगार गेले. दाबाखालचे खालचे पोलादी भाग वाकले होते. पुलाचे खरे वजन हिशेबात धरल्यापेक्षा जास्त होते. भाग वाकू लागल्याचे आधी दिसलेही होते, पण काम वेळेवर थांबले नाही.

आमच्या मुलांनी नवे पोलाद आणले नाही. दाबाखालच्या पट्ट्या तेवढ्या लांबीच्या बाजूने मधोमध दुमडून काटकोनी केल्या. धातू तेवढाच, पण वाकण्याला विरोध सुमारे बारापट. म्हणजे पावणेतीनचे तीस किलोंवर गेले. ताणातल्या पट्ट्या सपाटच राहिल्या. पुढच्या खेपेला चाळीस किलो वाळू पुलाने मुकाट पेलली.

गड्डीगोदामखालून जाताना आता मी वर पाहतो आणि मनात विचारतो: यातले कोण ओढले जात आहे, आणि कोण दाबले? पुलाची परीक्षा या दुसऱ्या प्रश्नात असते.