फोटोतली जास्तीची पावलं

गेली बरीच वर्षं एका फोटोनं माझा पिच्छा सोडलेला नाही. डब्लिन, २९ एप्रिल १९१६. आयरिश बंडखोरांचा पुढारी पॅट्रिक पियर्स ब्रिटिश जनरल लो यांच्यापुढे शरण येतो आहे. फोटोत माणसं तीन, पण पायांचा हिशेब जमत नाही. पियर्सच्या पलीकडे आणखी कुणाची तरी पावलं दिसतात. वर चेहरा नाही. पुढे काही ठिकाणी फोटो छापताना ती पावलंही पुसली गेली.

ती एलिझाबेथ ओ'फॅरेलची. 'कुमन ना मान' या स्त्रियांच्या संघटनेतली कार्यकर्ती.

ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या या ईस्टरच्या उठावाची सगळी हकीकत इथे सांगत नाही; पोस्ट ऑफिस, जाहीरनामा, आग हे सगळं ओलांडून थेट मूर स्ट्रीटवर येते. आपलं मुख्य ठाणं असलेलं जळतं पोस्ट ऑफिस सोडून बंडखोर तिथल्या घरांत शिरले होते. त्यांचा पुढारी जेम्स कॉनली जखमी होऊन अंथरुणावर. बोलणी करायला बाहेर जायचं कुणी? गेली एलिझाबेथ, हातात पांढरं निशाण घेऊन, गोळ्या चालू असलेल्या रस्त्यावर. वाटेत तिला ओ'राहिली या पुढाऱ्याची टोपी आणि रिव्हॉल्व्हर पडलेलं दिसलं.

तिनं स्वतः लिहिलेली हकीकत १९१७मध्ये 'कॅथलिक बुलेटिन'मध्ये आली. मला ती थोरामोठ्यांच्या आठवणींपेक्षा मोलाची वाटते, कारण तिला किरकोळ गोष्टी आठवतात. ब्रिटिश अधिकाऱ्यानं तिला हेर ठरवलं, तिच्या कपड्यांवरचे रेडक्रॉस कापून काढायला लावले. झडती घेतली तेव्हा सापडल्या कात्र्या, गोळ्या (खायच्या!), पाव आणि केक. लो यांनी मात्र तिला सभ्यपणे वागवलं; पण बिनशर्त शरणागतीखेरीज काही ऐकायचं नाही, यावर ते ठाम होते. निरोप घेऊन तिच्या खेपा झाल्या, आणि अखेर दुपारी ती पियर्सबरोबर निघाली.

काम तिथं संपलं नाही. शरणागतीचा हुकूम ठिकठिकाणच्या तुकड्यांना पोचवायचा होता. रविवारी ती बोलंड्स बेकरीच्या बाजूला, तिथल्या तुकडीचे प्रमुख डी व्हॅलेरा यांच्याकडे गेली. त्यांना आधी ही फसवणूक वाटली. मग म्हणाले, माझे वरिष्ठ मॅकडोना, त्यांचा हुकूम आणा. झाली पुन्हा पायपीट! याच गृहस्थांनी आपल्या ठाण्यावर बायकांना घेतलं नव्हतं आणि पुढे त्यांनी १९३७मध्ये आणलेल्या आयर्लंडच्या राज्यघटनेनं बाईची जागा घरात दाखवली, हे आठवल्यावाचून मला हा प्रसंग वाचता येत नाही.

फोटोबाबत तिनं उतारवयात सांगितल्याची नोंद आहे: कॅमेरा दिसताच आपणच मागे सरलो, आणि नंतर त्याचा पस्तावा झाला. म्हणजे खोडणाऱ्याचा हात नंतर आला. आधी ती स्वतःच आडोशाला गेली होती. शत्रूच्या वर्तमानपत्राला आपला चेहरा कशाला द्या, असा विचार असेल, तर तो मला पटतो. पुसणाऱ्याला मात्र काय खुपलं असेल?

१९५७मध्ये ती गेली. ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत तिच्याच कबरीत पुढे ज्युलिया ग्रेनन विसावली. मूर स्ट्रीटवर जखमींपाशी शेवटपर्यंत थांबलेल्या तिघींपैकी एक, तिची आयुष्यभराची सोबतीण.