वाट गणवेशाची (भाग ५) : तीन वर्षं आणि पाच दिवस

मैदानात आठ-दहा तरुण उभे आहेत, छातीवर नंबर बांधलेले. समोर लाकडी चौकटी रोवल्या आहेत आणि दोन चौकटींमधल्या जमिनीला पाय टेकवायचा नाही. हाताशी एक फळी, एक ओंडका, एक दोर. एवढ्यावर सोबतचं ओझं आणि सगळा गट पलीकडे न्यायचा. लाल रंग दिलेल्या भागाला स्पर्श चालत नाही. म्होरक्या कुणीच नेमलेला नाही. थोड्या अंतरावर एक अधिकारी शांतपणे पाहतो आहे. फळी घसरते. कुणी दुसऱ्यावर चिडतं, कुणी गप्प होतं, तर कुणी वाकून फळी पुन्हा उचलतं आणि म्हणतं, "मी ही बाजू धरतो, तू पुढे जा." त्या अधिकाऱ्याला हवं ते त्याला याच क्षणी दिसतं.

ही सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची, म्हणजे एसएसबीची, पाच दिवसांची परीक्षा. मागच्या भागात आपण बारावीनंतरची एनडीएची वाट पाहिली. ती वाट हुकलेल्या अनेकांना वाटतं की आता सगळं संपलं. तसं मुळीच नाही. पदवीनंतर लष्करात अधिकारी होता येतं आणि त्याच्या तयारीसाठी कॉलेजच्या तीन वर्षांत ज्या संधी मिळतात, त्यांतल्या बहुतेकांना फारसा पैसाही लागत नाही. त्यांची माहिती गावोगावच्या मुलामुलींपर्यंत पोहोचत नाही, याची मला खंत आहे.

आधी दार कोणतं ते पाहू. यूपीएससी वर्षातून दोनदा 'सीडीएस' म्हणजे कम्बाइन्ड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा घेते. पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाही अर्ज करता येतो. देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकादमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित असे प्रत्येकी १०० गुणांचे तीन पेपर असतात. गणित दहावीच्या पातळीचं असतं, पण वेळ कमी आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा. चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीसाठी गणित लागत नाही, दोनच पेपर पुरतात. तिथे मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश आहे. १९९२ पासून महिला अधिकारी तिथे घडत आल्या आहेत. देहरादूनचं प्रशिक्षण दीड वर्षाचं आणि त्यानंतर कायम कमिशन. चेन्नईचं ४९ आठवड्यांचं आणि त्यानंतर १० वर्षांचं, ४ वर्षांनी वाढवता येणारं अल्प मुदतीचं कमिशन. प्रशिक्षणाच्या काळात दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळतं. शेतकऱ्याच्या किंवा कामगाराच्या घरात हा आकडा मोठा असतो, म्हणून तो मुद्दाम सांगतो.

आता तयारीकडे येऊ. पहिली संधी कॉलेजच्या आवारातच असते : एनसीसी. राष्ट्रीय छात्रसेनेचा कायदा १९४८ चा. प्रथम वर्षाला प्रवेश घेतला की जुलै-ऑगस्टच्या आसपास नावनोंदणी होते. त्या आठवड्यात नोटीस बोर्डाकडे लक्ष नसलं की वर्ष हातचं जातं. कवायत, नकाशावाचन, शस्त्राची ओळख, फायरिंग आणि दहा दिवसांचं वार्षिक शिबिर, असं सगळं करत 'बी' आणि मग 'सी' प्रमाणपत्रापर्यंत पोहोचता येतं. परेडची हजेरी ७५ टक्के हवी, शिबिरं पूर्ण हवीत.

'सी' प्रमाणपत्राला लष्करात खरी किंमत आहे. सीडीएसच्या अलीकडच्या अधिसूचनांत देहरादूनच्या १०० जागांपैकी १३ जागा आर्मी विंगचं 'सी' प्रमाणपत्र असलेल्यांसाठी राखीव आहेत. शिवाय 'एनसीसी स्पेशल एंट्री' नावाची स्वतंत्र वाट आहे. 'सी' प्रमाणपत्रात किमान 'बी' श्रेणी, पदवीला किमान ५० टक्के आणि १९ ते २५ वयोगट या अटी पुऱ्या झाल्या, तर लेखी परीक्षा न देता थेट एसएसबीसाठी अर्ज करता येतो. ही वाटही मुलगे आणि मुली दोघांनाही खुली आहे.

दुसरी संधी महाराष्ट्र शासनाची. सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. राज्याचे रहिवासी असलेल्या तरुण-तरुणींसाठी तिथे सीडीएस लेखी परीक्षेच्या तयारीचा सुमारे अडीच महिन्यांचा वर्ग चालतो. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं मोफत. प्रवेशासाठी आधी सीडीएसचा अर्ज भरलेला असावा लागतो आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे मुलाखतीला जावं लागतं. याच केंद्रात एसएसबीच्या तयारीचा दहा दिवसांचा वेगळा वर्गही होतो. सीडीएस किंवा एनडीएची लेखी परीक्षा पार केलेल्यांना आणि एनसीसीच्या गट मुख्यालयाने एसएसबीसाठी शिफारस केलेल्या 'सी' प्रमाणपत्रधारकांना त्यात घेतात. फळी-ओंडक्याचं मैदान आयुष्यात पहिल्यांदा निवड मंडळासमोर पाहण्यापेक्षा इथे पाहिलेलं केव्हाही चांगलं. आपल्या जिल्ह्यातलं सैनिक कल्याण कार्यालय फक्त माजी सैनिकांसाठी असतं असं समजून मुलं तिकडे फिरकत नाहीत. जरूर जा आणि पुढचा वर्ग कधी आहे ते विचारा.

इथे मनातली एक गोष्ट सांगायची आहे. कॉलेजात शिकवताना माझ्या एका विद्यार्थ्याने सीडीएसची लेखी परीक्षा दोनदा काढली आणि दोन्ही वेळा एसएसबीच्या पहिल्याच दिवशी तो परत आला. त्या दिवशी चाळणी असते. बुद्धिमापनाचे प्रश्न होतात, मग एक धूसर चित्र काही क्षण दाखवून त्यावर गोष्ट लिहायला लावतात आणि गटात चर्चा करायला सांगतात. त्याने दोन्ही वेळा पाठ केलेल्या गोष्टी लिहिल्या होत्या. परत आल्यावर तो म्हणाला, "सर, माझं स्वतःचं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच." चार भिंतींत बसून तीन वर्षं प्रश्नसंच सोडवलेल्या हुशार मुलाचं हे उत्तर मी विसरलो नाही.

एसएसबीत माणूस तिन्ही अंगांनी पाहतात : मनाने, वाचेने, कर्माने. मानसशास्त्रज्ञ तुमचं लिखाण वाचतो. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. साठ प्रसंग, तीस मिनिटं. मुलाखत घेणारा अधिकारी बोलणं ऐकतो. मैदानावरचा अधिकारी कृती पाहतो. तिघंही स्वतंत्रपणे मत बनवतात आणि पाचव्या दिवशी एकत्र बसून पडताळतात. लिहिलेलं, बोललेलं आणि केलेलं जुळत नसेल, तर ते लपत नाही. पंधरा सेकंदांत मनात जे आधीपासून आहे तेवढंच कागदावर उतरतं.

म्हणून पदवीची तीन वर्षं अशी वापरा. पहिल्या वर्षी एनसीसीत जा आणि रोज पळायला लागा. अकादमीत येताना २.४ किलोमीटर साडेदहा मिनिटांत पळता यावं, अशी लष्कराची मुलग्यांकडून अपेक्षा असते. रोज वर्तमानपत्र वाचा आणि वाचलेल्या एका बातमीबद्दल मित्राशी साध्या इंग्रजीत दोन मिनिटं बोला. दुसऱ्या वर्षी जबाबदारी अंगावर घ्या. स्नेहसंमेलनाची मंडपाची बाजू असो, वसतिगृहाची मेस असो की गावातली रक्तदानाची मोहीम. जिथे काहीतरी बिघडतं आणि ते तुम्हालाच निस्तरावं लागतं, तिथे उभे राहा. तिसऱ्या वर्षी 'सी' प्रमाणपत्र, सीडीएसचा अर्ज आणि नाशिकचा वर्ग.

एनसीसी नसलेल्या कॉलेजातल्या मुलांनीही हताश होऊ नये. लेखी परीक्षेची वाट सगळ्यांना सारखीच मोकळी आहे. आणि एसएसबीसाठी प्रवासखर्चाची धास्ती असेल, तर लक्षात ठेवा : त्या प्रकारच्या प्रवेशासाठी पहिल्यांदाच बोलावलेल्या उमेदवाराला जाण्या-येण्याचं रेल्वेभाडं मिळतं.

तो विद्यार्थी मग वर्षभर आमच्या गावच्या मुलांना फुटबॉल शिकवत राहिला. मैदान मिळवायला ग्रामपंचायतीत गेला, पावसाळ्यात चिखल उपसला, पालकांशी भांडला, पुन्हा समजूत घातली. तिसऱ्यांदा तो एसएसबीला गेला तेव्हा पाचही दिवस राहिला. निवड झाली नाही. तरी परत आल्यावर पहिलं वाक्य होतं, "सर, या वेळी फळी घसरली तेव्हा मी ओरडलो नाही, ओंडका धरला." आज तो शाळेत शिक्षक आहे, आणि त्याच्या हाताखालची दोन मुलं एनसीसीच्या शिबिराला निघाली आहेत.

(पुढील भागात : अभियंते आणि कायद्याचे पदवीधर यांच्यासाठीच्या थेट वाटा)