वैमानिक होऊं पाहणारीं मुलें

मुलानें वा मुलीनें विमान चालविण्यास शिकण्याचा मनोदय बोलून दाखविला कीं, घरांतील वडील मंडळींच्या छातींत धस्स होतें. ही चिंता अनाठायीं आहे, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. १९२९ सालीं जहांगीर टाटा यांनीं येथील पहिला परवाना मिळविला; १९३६ सालीं सरला ठकराल यांनीं, पदरीं लहान मुलगी असतांना, तो मिळविला.

आज खासगी परवान्यासाठीं वयाचीं १७ वर्षें पूर्ण, वैद्यकीय दाखला, लेखी परीक्षा व निदान ४० तासांचें उड्डाण आवश्यक आहे. आरंभीं शिक्षक शेजारीं असतो. इंजिन बंद पडल्यास उतरावयास जागा कोणती निवडावी, याची तालीम तो पुनःपुन्हां घेतो. खात्री पटल्यावर एके दिवशीं तो खालीं उतरतो व शिष्य एकटाच आकाशांत जातो.

खरी कसोटी मात्र पुढेंच आहे. समोर ढग दाटले असतां, मुक्काम जवळ असूनहि, मागें फिरणें हेंच वैमानिकाचें धैर्य होय. यास्तव ‘तुला भीति वाटते का?’ असें न विचारतां, ‘तुला वेळीं परत फिरतां येईल का?’ असें पालकांनीं विचारावें. उत्तर मनापासून होकाराचें आलें, तर आमच्या मतें संमति देण्यास हरकत नाहीं.