जीएस घ्यावी की आफ्रिका ट्विन?

संपादकांचा निरोप थोडक्यात होता. मोठ्या टूरिंग गाड्या आता सेकंडहँड बाजारात बऱ्याच दिसतात, त्यातली कुठली घ्यावी, लिहा. चौकशी सुरू केली आणि पुण्यामुंबईत ज्याला विचारावं त्याच्या तोंडी फिरून फिरून दोनच नावं येऊ लागली. बीएमडब्ल्यूची आर 1200 जीएस आणि होंडाची सीआरएफ 1000 एल, म्हणजे आफ्रिका ट्विन. 2017-18 च्या सुमारास हौसेने घेतलेल्या या गाड्या आज बाजारात येताहेत. विकण्याची कारणं साधी असतात. गुडघे बोलू लागतात, पार्किंगमध्ये जागा उरत नाही, किंवा लडाख एकदा होऊन जातं आणि पुढे गाडी कव्हरखालीच राहते.

दोघींचा इतिहास शोरूमवाले तुम्हाला न विचारताच सांगतात, म्हणून इथे झटपट उरकतो. बीएमडब्ल्यूने 1980 मध्ये आर 80 जी/एस आणली आणि पुढच्याच वर्षी ह्यूबर्ट ओरिओलने पॅरिस-डाकार जिंकली. होंडाच्या एनएक्सआर 750 ने 1986 ते 1989 अशी सलग चार वर्षं तीच शर्यत मारली, आणि त्या जोरावर 1988 मध्ये पहिली आफ्रिका ट्विन आली. हे नाव 2003 पर्यंत चाललं, मग बंद पडलं आणि 2016 मध्ये नव्या गाडीवर परत आलं. शर्यती जिंकलेल्या गाड्या वेगळ्या होत्या, आपल्यासमोर स्टँडवर उभी असते ती वेगळी. डाकारची ढाल पाहून पैसे मोजू नयेत.

कागदावर पाहिलं तर सामना तितका विषम नाही. 2013 नंतरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या जीएसचं इंजिन 1170 सीसीचं आणि ताकद 125 अश्वशक्ती. आफ्रिका ट्विन 998 सीसीची, ताकद पंच्याण्णवच्या आसपास. वजनं जवळजवळ सारखी, 240 किलोच्या मागेपुढे. सीटची उंची दोन्हीकडे खालीवर करता येते, 850 किंवा 870 मिलिमीटर. साडेपाच फुटी मराठी माणसाने चवड्यांवर उभं राहायची तयारी ठेवावी, विशेषतः मागे सामान बांधलं असेल तेव्हा. भारतात मात्र एक फरक मोठा होता. होंडाने 2017 मध्ये आफ्रिका ट्विन मानेसरला जोडून 12.90 लाखांना आणली, तीही फक्त डीसीटी, म्हणजे दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये. जीएस तयार स्वरूपात बाहेरून येत होती. हा फरक सेकंडहँड घेतानाही पाठ सोडत नाही, ते पुढे येईलच.

मी रमलो ते शहराबाहेरच्या एका गॅरेजात. तिथला मेकॅनिक एका जीएसचा शाफ्ट, म्हणजे चेनऐवजी मागच्या चाकाला ताकद देणारा दांडा, उघडत होता. मागचं चाक एका बाजूनेच धरलेलं, पाच टॉर्क्स बोल्ट काढले की मोकळं. चाक निघालं, मग ब्रेकचा कॅलिपर आणि एबीएसचा सेन्सर बाजूला झाला. वरचा आधारदांडा सोडवला, स्विंगआर्म आणि मागचं गिअरहाउसिंग यांच्यामधल्या रबरी बुटाची क्लिप सैल केली आणि हाउसिंग हलक्या हाताने खाली झुकवलं. बुटाच्या कडेने विटकरी रंगाचं पाणी ओघळलं. फार नव्हतं, चमचाभर असेल. मालकाने गाडी पावसाळ्यात ताम्हिणीत भरपूर फिरवली होती, नंतर उच्चदाबाच्या पाण्याने धुवून घेतली होती आणि हा भाग कधी उघडवलाच नव्हता. मेकॅनिकने फडक्याने दाते पुसले आणि बॅटरी जवळ धरली. दात्यांवर ग्रीस नव्हतं, तांबूस भुकटी होती.

"चेन खराब झाली की ओरडते, सर. हा गप्प बसतो," तो म्हणाला. पुढे त्याने युनिव्हर्सल जॉइंट बोटांनी सगळ्या दिशांना फिरवून पाहिला. एका दिशेला किंचित अडकत होता. एवढंसंच, पण त्याने मान हलवली.

हे यंत्र मला फार आवडतं, हे कबूल करायला हरकत नाही. बॉक्सर इंजिनाचा क्रँक गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद स्विंगआर्मच्या पोटातल्या दांड्यातून मागे जाते आणि तिथे बेव्हल गिअर तिला काटकोनात वळवून चाकाला देतात. चेन ताणायची, तिला तेल पाजायची, चिखलानंतर घासायची कटकट नाही. काझापर्यंत जाऊन यावं आणि मागच्या चाकाकडे वळूनही पाहू नये, हे सुख फक्त शाफ्टच देतो. पुढचं टेलिलिव्हर सस्पेन्शनही तसंच. ब्रेक दाबला तरी नाक खाली जात नाही, त्यामुळे आंबोलीच्या उतारावर गाडी कमालीची शांत राहते.

पण ज्याकडे वळून पाहावं लागत नाही त्याकडे कुणीच पाहत नाही, आणि सेकंडहँड घेणाऱ्याच्या दृष्टीने तिथेच मेख आहे. 2022 पासून बीएमडब्ल्यूनेच या पिढीच्या गाड्यांचा शाफ्ट तपासायची आणि 60,000 किलोमीटरला बदलायची मोहीम काढली. त्याआधी 2017 मध्ये पुढच्या फोर्कच्या नळ्यांची तपासणी जाहीर झाली होती. दोन्ही कामं झाली की नाही हे अधिकृत सर्व्हिस सेंटरला चासी नंबर देऊन विचारता येतं. विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये, कारण बऱ्याचदा त्यालाही ठाऊक नसतं.

आफ्रिका ट्विनचं आश्चर्य डाव्या हाताला आहे. तिथे क्लचचा लिव्हरच नाही. क्लचच्या जागी जो लिव्हर दिसतो तो पार्किंग ब्रेक, आणि नवखा माणूस सवयीने त्यालाच हात घालतो. डीसीटीमध्ये दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर, दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच तयार ठेवलेला असतो, त्यामुळे बदल होताना झटका बसत नाही. चाकण चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत याची किंमत कळते. घाटात मात्र डी मोड घाईने वरचा गिअर टाकतो. तिथे एस, म्हणजे स्पोर्ट मोड लावावा, नाहीतर अंगठ्याने आणि तर्जनीने बटणं दाबत आपणच गिअर बदलावेत. बॅटरी बसली तर ही गाडी ढकलून सुरू होत नाही, हेही आधीच माहीत असलेलं बरं. कालच चार्ज करून ठेवलेली नव्हे, महिनाभर उभी राहिलेली गाडी आपल्यासमोर सुरू करायला सांगावी.

तिचे दुखरे भाग डोळ्यांसमोर असतात. चेन आणि स्प्रॉकेटचे दाते उकिडवं बसलं की दिसतात. सुरुवातीच्या गाड्यांच्या चाकांतल्या तारा गंजतात ही जगभरची तक्रार आहे, आणि गाडी रत्नागिरी-मालवणकडे राहिली असेल तर निपलपाशी हमखास पाहावं. दुसरी अडचण जास्त गंभीर. हिच्या टायरांत ट्यूब आहे. पुढचं चाक 21 इंची, खडकाळ रस्त्यावर राजा, पण पंक्चर झालं की चाक उतरवा, टायर सोडवा, ट्यूब काढा. मेन स्टँड वेगळा घ्यावा लागतो आणि पुष्कळांनी तो घेतलेलाच नसतो. जीएसला ट्यूबलेस टायर. पट्टी भरा, हवा मारा, निघा. एकटं फिरणाऱ्याने या एका मुद्द्यावर जीएस घेतली तर मी त्याला दोष देणार नाही.

एवढं सगळं गॅरेजात कळतं. ज्यापायी लोक खरे रडतात ते आरटीओत. अशा गाड्या बऱ्याचदा दिल्ली, हरियाणा, कर्नाटकच्या नंबरच्या असतात आणि म्हणूनच स्वस्त वाटतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक इथे ठेवायची तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म 28, मग नाव बदलायला 29 आणि 30, आणि कर्जाची गाडी असेल तर बँकेच्या सहीचा 35. कर्ज फिटलेलं असतं पण आरसीवरची एचपी, म्हणजे बँकेच्या कर्जाची नोंद, उतरवलेली नसते, आणि विकणारा तोवर दुबईत नोकरीला गेलेला असतो. त्यावर इथला रोड टॅक्स. परदेशातून तयार आलेल्या गाडीला महाराष्ट्रात तो दुप्पट दराने लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होते, तरी जीएसच्या किमतीवर ती खिशाला जाणवतेच. मानेसरच्या जोडणीची आफ्रिका ट्विन या फेऱ्यातून वाचते. भरीला सुट्या भागांची वाट. आरसा किंवा लिव्हर वेळेत मिळूनही जाईल, पण रेडिएटर किंवा फोर्कची नळी मागवली आणि ऐन सुट्ट्यांचा मोसम हुकला, असं सांगणारे मला दोन्ही गटांत भेटले.

विमा घेताना आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमतही नीट वाचावी. हप्ता कमी करायला आकडा खाली ओढलेला असतो, आणि अपघात झाला की तोच गळ्याशी येतो.

तर कुठली? नवी घ्यायची असती तर मी डोळे मिटून जीएस म्हटलं असतं. सेकंडहँड बाजारात माझं मत आफ्रिका ट्विनला, कारण तिची हेळसांड झाली असेल तर ती तासाभराच्या तपासणीत बरीचशी उघडी पडते. याला एक अपवाद आहे. जीएस मूळची एमएच नंबरची हवी, सर्व्हिसच्या नोंदी सलग हव्यात आणि शाफ्ट बदलल्याचा कागद हातात हवा. हे तिन्ही असेल तर थोडे जास्त पैसे मोजून तीच घ्या. कागद नसेल तर टोकन देण्याआधी मागचा रबरी बूट तुमच्या मेकॅनिकसमोर उघडायला सांगा, मजुरी तुम्ही द्या. मालक नको म्हणाला तर ती गाडी सोडून द्या.