फीत पुसली, गाणं उरलं

१४ एप्रिल १९६९ रोजी बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिसवर अलेक्सिस कॉर्नर यांचा 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हा कार्यक्रम लागला. त्यात वाजवणारे चौघे होते जिमी पेज, रॉबर्ट प्लांट, जॉन पॉल जोन्स आणि जॉन बॉनम. त्यांच्या लेड झेपलिन या बँडची पहिली एलपी ब्रिटनच्या दुकानांत येऊन दोन-तीन आठवडेच झाले होते. कार्यक्रमाचं मुद्रण १९ मार्चला लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत उरकलं होतं आणि त्यात 'सनशाइन वुमन' नावाचं एक गाणं होतं. बँडने ते पुढे एकाही एलपीवर घेतलं नाही. बीबीसीने मूळ फीत पुसून टाकली. तरीही २०१६ साली 'द कम्प्लीट बीबीसी सेशन्स' या संचात ते गाणं आलं, कारण कुणीतरी रेडिओसमोर बसून ते उतरवून घेतलं होतं. आवाज खरखरीत आहे, पण मूळ फीत उरलेलीच नाही.

वर्ल्ड सर्व्हिस शॉर्टवेव्हवरून साऱ्या जगासाठी चालायची. पुण्यातल्या सदाशिव पेठेत ती लागत असे, तशीच न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमध्येही. मानावतू नदीकाठचं हे गाव ऑकलंडपासून सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. माओरी लोक त्याला ते पापाइओएआ म्हणतात. मॅसी विद्यापीठ, आसपासची दुग्धशेती आणि तारारुआ डोंगररांगेवरच्या पवनचक्क्या ही त्याची ओळख. ब्लूज रॉकच्या इतिहासात मात्र या गावाचं नाव फारसं कुणी घेत नाही. ते का घ्यायला हवं, हे समजण्यासाठी आधी लंडनचा हिशेब पाहावा लागतो.

त्या काळी ब्रिटनमध्ये रेकॉर्ड कंपन्या आणि वादकांची संघटना यांनी बीबीसीला एका कराराने बांधून टाकलं होतं. दिवसाकाठी ठरावीक तासच बाजारातल्या रेकॉर्डी वाजवायच्या. या कोट्याला 'नीडल टाइम' म्हणत. सतत रेकॉर्डीच वाजल्या तर वादकांच्या पोटावर पाय येईल, ही संघटनेची भीती; आणि फुकट ऐकायला मिळालं तर रेकॉर्ड विकत कोण घेईल, हा कंपन्यांचा सवाल. कोटा संपल्यावर उरलेले तास भरायचे कसे? बँडला बोलवायचं, दुपार-संध्याकाळच्या एका बैठकीत चार-पाच गाणी वाजवून घ्यायची आणि ती प्रसारित करायची. ३० सप्टेंबर १९६७ रोजी रेडिओ वन सुरू झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्यावर 'टॉप गिअर' लागला. जॉन पील यांचं नाव याच कार्यक्रमाशी कायमचं जोडलं गेलं. क्रीम, पीटर ग्रीन यांचा फ्लीटवुड मॅक, टेन इयर्स आफ्टर, रोरी गॅलाघर या सगळ्यांची बीबीसीवरची मुद्रणं या व्यवस्थेतून झाली. नीडल टाइमची अट १९८८ मध्ये उठली. आज ज्याला संगीताचा ठेवा म्हणतात, तो अशा रीतीने एका कामगार-करारातून जन्मला.

घाईनेच या मुद्रणांना चव आणली. एलपीसाठी एकावर एक थर चढवता येत. रेडिओच्या स्टुडिओत तेवढी सवड नसे, त्यामुळे त्या दिवशी हात जसे चालले तसंच फितीवर उतरे. झेपलिनचा १९६९ मधला प्रवास या मुद्रणांत टप्प्याटप्प्याने ऐकू येतो. १९९७ साली निघालेल्या 'बीबीसी सेशन्स' या पहिल्या संचात 'कम्युनिकेशन ब्रेकडाउन' तीनदा येतं आणि तिन्ही वेळा पेज यांची गिटार वेगळ्या वाटेने जाते. स्लीपी जॉन एस्टिस या जुन्या ब्लूज गायकाचं एक गाणं त्यांनी फक्त रेडिओसाठी वाजवलं. रॉबर्ट जॉन्सन यांच्यावरून बेतलेलं 'ट्रॅव्हलिंग रिव्हरसाइड ब्लूज' हे २४ जून १९६९ च्या सेशनमधलं. रेकॉर्डवर यायला त्याला १९९० साल उजाडावं लागलं.

त्याहून मोठी गोष्ट १ एप्रिल १९७१ ची. लंडनच्या पॅरिस थिएटरमध्ये थोडक्या श्रोत्यांसमोर बीबीसीने त्यांची मैफल मुद्रित केली. ती आधी २५ मार्चला ठरली होती. प्लांट यांचा गळा बसल्यामुळे पुढे ढकलली. पहिल्या एलपीवर साडेसहा मिनिटांत आटोपणारं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' त्या रात्री अठरा मिनिटांच्या पुढे गेलं. ज्या 'स्टेअरवे टू हेवन'ने पुढे जग वेडं केलं, ते ४ एप्रिलच्या प्रसारणात रेडिओवर पहिल्यांदा ऐकू आलं. एलपी यायला अजून सात महिने होते. समोर बसलेल्यांना आपण काय ऐकतोय याची काहीच कल्पना नव्हती आणि टाळ्याही बेताच्याच पडल्या.

अशा फिती पुसल्या तरी का? टेप महाग होती आणि पुन्हा वापरता येत होती. पॉप संगीत जपून ठेवण्याजोगं आहे, असं कचेरीत कुणाला वाटत नव्हतं. जे वाचलं त्याचा बराच भाग दोन वाटांनी वाचला. एक वाट रेडिओसमोर टेपरेकॉर्डर लावणाऱ्या श्रोत्यांची. दुसरी बीबीसीच्या ट्रान्सक्रिप्शन सर्व्हिसची. हा विभाग निवडक कार्यक्रमांच्या खास तबकड्या काढून परदेशी केंद्रांना पुरवत असे आणि न्यूझीलंडचं सरकारी रेडिओ हे त्याचं जुनं गिऱ्हाईक. मुदत संपली की तबकड्या निकाली काढायच्या, असा नियम होता. तो सगळीकडे सारख्या काटेकोरपणे पाळला गेला नाही. टीव्हीचंही तेच. 'डॉक्टर हू' मालिकेचा १९६५ चा एक भाग लंडनमध्ये नष्ट झाला होता; त्याची फिल्म १९९९ मध्ये न्यूझीलंडमध्ये मिळाली. केंद्रात निष्काळजीपणा झाला की दूरची प्रत कामी येते.

पामर्स्टन नॉर्थला २झेडए हे केंद्र १९३८ पासून होतं, अर्थात सरकारी. १९६६ मध्ये रेडिओ हौराकीच्या तरुणांनी सरकारी मक्तेदारीला कंटाळून 'टिरी' नावाच्या जहाजावरून, ऑकलंडजवळच्या समुद्रातून, प्रसारण सुरू केलं. जमिनीवरचा परवाना त्यांना १९७० मध्ये मिळाला. याच काळात मानावतूतली पोरं गिटारी घेऊन उभी राहत होती. मॉरिस ग्रीअर हा ड्रमवादक पामर्स्टन नॉर्थच्या 'द सेंट्स' या बँडमधला. बिली टीके हा माओरी गिटारवादक तिथल्याच 'द सिनर्स'मधला. एक संतांच्या दिंडीतला, दुसरा पाप्यांच्या. पण दोघे एकत्र आले 'ह्यूमन इन्स्टिंक्ट'मध्ये.

ग्रीअर उभ्यानेच ड्रम वाजवत गात असे. १९६६ मध्ये बँडबरोबर तो इंग्लंडला गेला, लंडनमध्ये काही सिंगल्स काढल्या आणि परतल्यावर बिली टीकेला घेऊन नवा संच बांधला. 'बर्निंग अप इयर्स' १९६९ मध्ये आली, 'स्टोन्ड गिटार' १९७० मध्ये, 'पिन्स इन इट' १९७१ मध्ये. बिलीला लोक माओरी हेंड्रिक्स म्हणू लागले. या एलपींच्या मूळ प्रती आता संग्राहक चढ्या भावाने शोधतात. त्यांतल्या काही गाण्यांचा कर्ता डग जेरेबाइन, म्हणजेच जेसी हार्पर. लंडनमध्ये १९६९ च्या सुमारास त्याने केलेली स्वतःची मुद्रणं दुकानापर्यंत पोचलीच नाहीत. पुढे तो इस्कॉनच्या वाटेने भारतात आला आणि अनेक वर्षं इथेच राहिला. त्या फिती २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ड्रॅग सिटी कंपनीने प्रसिद्ध केल्या. मधे चाळीसहून अधिक वर्षं गेली.

भारताची वाट झेपलिननेही धरली होती. २५ फेब्रुवारी १९७२ रोजी ऑकलंडच्या वेस्टर्न स्प्रिंग्स मैदानावर त्यांचा कार्यक्रम झाला. न्यूझीलंडमध्ये ते तेवढेच एकदा वाजले. त्याच वर्षी पेज आणि प्लांट मुंबईत उतरले. बासरीवादक आणि फिल्म्स डिव्हिजनचे संगीतकार विजय राघव राव यांच्या मदतीने वादक जमले आणि 'फ्रेंड्स' व 'फोर स्टिक्स' ही गाणी भारतीय वाद्यमेळासह मुद्रित झाली. कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमध्ये दोघांनी हौसेने वाजवलं, ते वेगळंच. मुंबईची ही मुद्रणं अधिकृतपणे बाहेर आली ती २०१५ मध्ये, त्यांच्या 'कोडा' या एलपीच्या वाढीव आवृत्तीत. तोवर ती चोरट्या प्रतींवर फिरत होती.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. पुणे आकाशवाणी २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाली आणि दीड वर्षाने, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, तिथून 'गीतरामायण' सुरू झालं. सीताकांत लाड यांची कल्पना, गदिमांचे शब्द, सुधीर फडके म्हणजे बाबूजी यांचं संगीत. आठवड्याला एक नवं गीत, साधारण वर्षभरात छप्पन्न. गीत लिहून, चाल बांधून, गायक गाठून ठरल्या वेळी प्रसारण करायचं, म्हणजे घाई तिथेही होतीच. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके, राम फाटक असे अनेक गळे होते. घरोघरी पोचलं ते पुढचं रेकॉर्डवरचं रूप, एकट्या बाबूजींच्या आवाजातलं. रेडिओवरची रचना आणि रेकॉर्डवरची रचना ही दोन वेगळी कामं आहेत, हे ज्याने दोन्ही ऐकलं त्याला वेगळं सांगावं लागत नाही. झेपलिनच्या चाहत्यांनी वीस-वीस वर्षं चोरट्या टेपा का जमवल्या, याचं उत्तरही इथेच आहे.

न्यूझीलंडने आपल्या रेडिओचा साठा जपण्याची व्यवस्था केली आहे. १९४६ ते १९४८ या काळात सरकारी रेडिओची फिरती मुद्रण-गाडी गावोगाव हिंडून म्हाताऱ्या लोकांच्या आठवणी आणि स्थानिक संगीत तबकड्यांवर घेत होती. तो संग्रह आता 'ङा ताओङा' या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संस्थेकडे आहे. २०१४ पासून या नावाखाली चित्रपट, रेडिओ आणि टीव्हीचे संग्रह एका छताखाली आले. पुढे 'उताइना' प्रकल्पात राष्ट्रीय ग्रंथालय आणि राष्ट्रीय अभिलेखागार यांच्या जोडीने जुन्या फितींचं डिजिटल रूपांतर हाती घेण्यात आलं. पामर्स्टन नॉर्थमध्ये आज ९९.४ एफएमवर विद्यार्थ्यांचं 'रेडिओ कंट्रोल' स्थानिक बँडना जागा देतं, तर ९९९ एएमवर 'मानावतू पीपल्स रेडिओ' निरनिराळ्या भाषक समाजांना. प्रसारण झालं की कार्यक्रम आंतरजालावर ठेवला जातो, म्हणजे प्रत काढण्याचं काम आता केंद्रच करतं.

घड्याळ मात्र जुन्या फितींच्या बाजूने नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या अनेक टेपांमधला चिकटा हवेतला ओलावा शोषतो, फीत चिकट होते आणि यंत्राच्या हेडवर तिचा थर सुटू लागतो. तज्ज्ञ अशी फीत मंद आचेवर काही तास शेकतात. त्यानंतर थोडे दिवस ती वाजते, तेवढ्यात नक्कल करून घ्यायची. त्याहून मोठी अडचण यंत्रांची. स्पूल वाजवणारी यंत्रं बनणं जवळजवळ थांबलं, सुटे भाग मुश्किलीने मिळतात, दुरुस्त करणारे हात थकले. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच इशारा दिला होता की २०२५ पर्यंत डिजिटल न झालेल्या चुंबकीय फिती बहुधा गेल्याच म्हणून समजा.

मराठी घरांच्या माळ्यांवर, पुण्यात आणि परदेशातल्या गॅरेजांतही, आकाशवाणीवरून उतरवलेल्या नाट्यसंगीताच्या, भावगीतांच्या कॅसेटी पडून आहेत. त्या वाजवण्याआधी बुरशी तपासावी, मूळ फीत फेकू नये, लेबलावर जे लिहिलंय त्याचा फोटो ठेवावा. आणि नक्कल करताना गाण्याच्या मागचापुढचा निवेदकाचा आवाज कापू नये. केंद्राचं नाव, वादकांची नावं आणि पुष्कळदा तारीख ओळखायला तोच एक धागा उरलेला असतो.