पाठीवर बिऱ्हाड घेऊन आलेले पाहुणे

पाहुणे येणार म्हटलं की आपल्या पोटात आधी गोळा येतो आणि हसू मागाहून येतं. कुणी कबूल करो वा न करो, गोष्ट खरी आहे! त्यातून घर मुंबईत, दोन खोल्या नि स्वयंपाकघर, आणि पाहुणे एक नाही, दोन नाही, चांगले आठ दिवस राहणार!

पाहुणे म्हणजे माझी सांगलीची कॉलेजातली मैत्रीण आणि तिचे यजमान. ती शाळेतून निवृत्त झाली, ते बँकेतून. मुलगी आपल्या घरी सुखात. तेव्हा दोघांनी ठरवलं, तीन-चार महिने देश बघायचा. पण सहलीच्या बसने नव्हे, कॉलेजातल्या पोरांसारखा पाठीवर पिशव्या टाकून. कन्याकुमारी, मदुराई, हंपी, बदामी, गोकर्ण करत स्वारी सावंतवाडीला पोचली आणि तिथून फोन आला, "तुतारी एक्सप्रेसने दादरला उतरतो. सामान काही नाही गं, दोन पिशव्या आणि आम्ही दोघं."

मी लगेच कामाला लागले. पडदे धुतले, चिवडा केला, लाडू वळले आणि कागदावर आठ दिवसांचा कार्यक्रम आखला. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद, हे सगळं ध्यानात घेऊन! आमचे "हे" म्हणाले, "अगं, पाहुणे येताहेत की शाळेची सहल?" मी लक्ष दिलं नाही. मला या दोघांचं जरा जास्तच करायचं होतं. का, ते पुढे सांगते.

पहिला धक्का

मंगळवारी सकाळी सातच्या सुमाराला दोघं दारात उभी. तोंडं उन्हानं रापलेली, पायात बूट. मी पिशव्या आत घ्यायला गेले तर मैत्रीण म्हणाली, "थांब, त्या आधी गॅलरीत उन्हात. कुठल्या कुठल्या लॉजवर राहिलोय, चुकून ढेकूण आला तर तुझ्या गाद्यांत नको." सगळं सामान बाहेर काढून, पिशव्या झटकून तिनं उन्हात उलट्या टांगल्या. तेव्हा कुठे ती चहाला बसली.

मी तो कागद पुढे केला. तिनं वाचला, घडी घातली आणि शांतपणे माझ्या हातात परत दिला.

"रागावू नकोस. तीन महिने बघतेच आहे गं. देवळं, लेणी, किल्ले. हंपीला तर शेवटी शेवटी डोळ्यांपुढे नुसते दगड दिसायला लागले. आता मला काही बघायचं नाही. तुझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलायच्यात."

खरं सांगते, मला वाईटच वाटलं. एवढी तयारी केली ती फुकट! आणि मनात आलं, हिला माझं काही घ्यायचंच नाही की काय?

लाडू राहिले, भात संपला

त्या दिवशी दोघं आंघोळ करून जी झोपली ती चार वाजता उठली. मी पुरणाचा बेत ठेवला होता. भावजी संकोचून म्हणाले, "वहिनी, आमटी-भात मिळेल का? आणि असलं तर मेतकूट." तीन महिने हॉटेलचं खाऊन माणूस कशाला भुकेलेलं असतं, ते मला तेव्हा कळलं. मेतकूट-भात, तूप, भाजलेला पापड आणि लिंबाचं लोणचं. दोघं अशी जेवली की पुरणपोळीचं दुःख मी विसरले.

दुसऱ्या दिवशी भावजींचं पोट बिघडलं. तिनं धावपळ केली नाही. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट देत राहिली, जोडीला तांदळाची पेज. चमचा चहाचा घ्यायचा आणि मीठ वाढवायचं नाही, हे तिनं मला बजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत उतार पडला. पडला नसता तर डॉक्टरांकडे जायचं हेही ठरलं होतं. आठ दिवसांचा कार्यक्रम तसाच रेटला असता तर त्या दिवशी आम्ही घारापुरीच्या पायऱ्यांवर असतो!

मग मीही कार्यक्रमाचा कागद फडताळात टाकला. घराची एक किल्ली तिच्या हाती दिली. सकाळी ती माझ्याबरोबर दादरच्या फुलबाजारात येई, शेवंतीचा वाटा घेई. दुपारी आम्ही दोघी वाटाणे सोलत गप्पा मारत असू. संध्याकाळी चौघंही शिवाजी पार्कला जात असू. मैदानाची एक फेरी म्हणजे सुमारे सव्वा किलोमीटर. एक फेरी मारायची आणि कट्ट्यावर बसायचं. लांब गेलो ते एकदाच, रविवारी माटुंग्याला इडली खायला. आमचे "हे" आणि भावजी पुढे, आम्ही दोघी मागे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही नवरा-बायको रोज संध्याकाळी असे बाहेर पडलो, हे मला तरी आठवत नाही.

जी गोष्ट बोलायची राहिली होती

आता ते "का" सांगते. १९९४ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा गिरगावात चाळीत राहत होतो, एका खोलीत सात माणसं. मैत्रिणीचं पत्र आलं, "वडिलांना उपचारासाठी परळला आणतेय. आठ दिवस तुझ्याकडे सोय होईल का?" मी पत्र दोनदा वाचलं. सासूबाईंना विचारायचा धीर झाला नाही. विचारलंच नाही मी. उलट टपाली लिहून टाकलं, जागा नाही. ती वडिलांना घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. मी एकदा डबा घेऊन गेले, पण दहा मिनिटांत निघाले. तिच्या डोळ्यांत बघवेना. पुढे पत्रं चालू राहिली, पण ही गोष्ट दोघींनीही कधी काढली नाही.

सातव्या दिवशी ती म्हणाली, "मला एकच ठिकाण बघायचंय. येतेस?" आम्ही पूल ओलांडून दादर पूर्वेला गेलो. ती मला धर्मशाळेच्या दाराशी घेऊन आली. आत गावोगावचे पेशंट, त्यांची माणसं. तिनं कार्यालयात जाऊन देणगीची पावती फाडली, वडिलांच्या नावाने. बाहेर आल्यावर माझ्याच्याने राहवेना.

"मी तेव्हा सासूबाईंना विचारलंसुद्धा नव्हतं गं."

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "राग आला होता, नाही कशाला म्हणू? दोन वर्षं होता. मग माझं लग्न झालं, एकत्र कुटुंबात पडले आणि कळलं, की सुनेच्या घरात सुनेची किती जागा असते ती. वडील त्यानंतर सहा वर्षं जगले. आणि तो डबा त्यांना आठवायचा. वांग्याची भाजी होती."

भाजी कुठली ते मलाही आठवत नव्हतं. रस्त्यात उभ्या राहून आम्ही दोघी रडलो आणि मग कोपऱ्यावर उसाचा रस प्यायलो.

तुमच्याकडे असे पाहुणे आले तर

लांबच्या प्रवासातून येणाऱ्याला पहिला दिवस पूर्ण मोकळा द्या. गरम पाणी, एक बादली, साबण आणि कपडे वाळत घालायला दोरी, एवढं आधी दाखवा. घाईनं वाळवायचे कपडे कोरड्या टॉवेलात गुंडाळून पिळले की निम्मं पाणी तिथेच निघतं, ही मैत्रिणीची युक्ती. टॉवेलाऐवजी तिच्या पिशवीत पंचा असतो. हलका आणि लवकर वाळणारा. जेवायला साधं करा. कुठे जायचं ते त्यांना विचारा, आपण ठरवू नका. आणि त्यांनी कप विसळले तर विसळू द्या. भावजी रोज विसळत. पाचव्या दिवशी आमच्या "ह्यां"नीही विसळले!

भूजच्या गाडीला त्यांना बसवून आलो, तर गॅलरीतली दोरी रिकामी दिसली. लाडवांचा डबा मात्र निम्मा भरलेलाच होता. चहा पिताना हे म्हणाले, "चल, पार्काला एक फेरी मारून येऊ."

मी पदर खोचला होता तो सोडला आणि चपला घातल्या.